दहा मिनिटांमागचं ड्रॉइंग

मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांकडे सरकला की दुपारी लाईट जाण्याचं कुणाला नवल वाटत नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात पंखा थांबतो, बॅटरी बसलेला यूपीएस दोनदा टीं टीं करतो आणि स्क्रीन काळी होते. ऑटोकॅडवर बसलेल्या ड्राफ्ट्समनचा हात माउसवर तसाच राहतो. सकाळपासून त्यानं तीन मजल्यांचा प्लॅन उभा केलेला असतो: जिन्याच्या पायऱ्या, बाथरूमचे डक्ट, दारं-खिडक्यांचा तक्ता, पार्किंगची मापं. शेवटचं सेव्ह कधी मारलं ते त्याला आठवत नाही. पुढचं वाक्य ठरलेलं: ‘भाऊ, फाईल गेली.’

बहुतेक वेळा ती गेलेली नसते.

हे ठासून सांगायला हवं, कारण माणसं त्याच कॉम्प्युटरवर बसून तोच प्लॅन रात्रभर जागून पुन्हा काढतात आणि आधीचा प्लॅन एका फोल्डरात तसाच पडून असतो. ऑटोकॅड दोन ठिकाणी आठवण ठेवतो. ड्रॉइंग सेव्ह केलं की आधीची आवृत्ती ‘बॅक’ या शेपटाची फाईल होऊन मूळ ड्रॉइंगशेजारीच बसते. दुसरी आठवण ऑटोसेव्हची. कुणी सेटिंग बदललं नसेल तर काम चालू असताना दर 10 मिनिटांनी एक प्रत निघते. तिचं शेपूट ‘एसव्ही-डॉलर’, आणि ती मूळ फाईलशेजारी नाही, तर विंडोजच्या टेम्प फोल्डरात जाते. म्हणूनच ती कुणाला दिसत नाही. रनच्या चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये टेम्प हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून एंटर दाबलं की फोल्डर उघडतं. तिथं तारीख-वेळेनुसार यादी लावायची. ड्रॉइंगचं नाव आणि त्यापुढे आकडे जोडलेली फाईल सापडते. आधी ती दुसऱ्या फोल्डरात कॉपी करायची, मग शेपूट बदलून ‘डीडब्ल्यूजी’ करायचं. शेपूटच दिसत नसेल तर विंडोजनं ते लपवलेलं असतं. आधी ते दाखवायला सांगायचं. लाईट गेल्यानंतर पुन्हा सुरू केलेला ऑटोकॅड बऱ्याचदा स्वतःहूनच रिकव्हरी मॅनेजरची यादी समोर धरतो. घाईत ती खिडकी बंद केली जाते, ही दुर्दैवाची गोष्ट.

खरं नुकसान लाईट करत नाही, त्यानंतरची दहा मिनिटं करतात. फाईल उघडते, अर्धा प्लॅन दिसत नाही, घाबरलेला माणूस सवयीनं सेव्ह दाबतो. मग आणखी एकदा. पहिल्या सेव्हला चांगली आवृत्ती बॅक फाईलमध्ये जाते. दुसऱ्या सेव्हला तिच्यावर बिघडलेली आवृत्ती चढते आणि चांगली प्रत कायमची पुसली जाते. एसव्ही-डॉलरचंही तसंच नाजूक आहे. ड्रॉइंग नीट बंद केलं की ऑटोकॅड ती प्रत स्वतः काढून टाकतो. बंद करताना ‘सेव्ह करायचं का’ या प्रश्नाला चुकून ‘नो’ दाबलं, तर ऑटोसेव्हचा आधार तिथंच संपतो. आणि टेम्प फोल्डर ‘साफ’ करणारा उत्साही मित्र प्रत्येक ऑफिसात असतो.

कागदाच्या काळात असं एका क्षणात नाहीसं होणं नव्हतं. शेजारच्या धुळ्याचंच बघा, तिथली जुनी कामं कागदावरच्या आखणीतून उभी राहिली. 1819 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जनं खानदेशचं मुख्य ठाणं म्हणून हे गाव निवडलं आणि नवी वस्ती सरळ, रुंद रस्त्यांवर आखली. आजही धुळेकर पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतो. 1884 साली तरुण विश्वेश्वरय्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून खानदेशात आले, तेव्हा पांझरा नदीच्या परिसरात त्यांच्यावर पाइपच्या सायफनचं काम आलं होतं. पुढे ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटचे दिवस आले. चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडावी लागे, त्याला वेळ लागे. पण लाईट गेली म्हणून कागदावरची शाई उडून जात नसे.

आता प्लॅन हीच फाईल आहे. बांधकाम परवानगीचं काम ऑनलाईन झाल्यापासून फाईलमधल्या लेयरलाही महत्त्व आलं आहे. एक लेयर चुकला तर प्रस्ताव परत येऊ शकतो. अशा वेळी सकाळचं काम गमावणं म्हणजे मालकाचं, मिस्त्रीचं, बँकेच्या हप्त्याचंही वेळापत्रक हलवणं. म्हणून आयटीआयच्या ड्राफ्ट्समन वर्गात किंवा शहरातल्या कॅडच्या क्लासात लाईन आणि सर्कल शिकवण्याआधी मुलांना टेम्प फोल्डर उघडून दाखवायला हवं. एक ड्रॉइंग काढून घ्यावं, ऑटोसेव्हचा वेळ 5 मिनिटांवर आणावा, तेवढं थांबावं आणि मुद्दाम वायर ओढावी. मग प्रत्येकानं आपलं ड्रॉइंग परत आणून दाखवावं. हा अर्ध्या तासाचा धडा आहे.

परत आलेल्या फाईलवर आधी ‘रिकव्हर’ आणि ‘ऑडिट’ चालवायचं, कारण अर्धवट लिहिलेल्या फाईलमध्ये चुका राहतात. मग स्क्रीनवर प्लॅन उमटतो: भिंती, जिना, पार्किंग, तक्ता. बाथरूमची खिडकी तेवढी नसते, ती लाईट जायच्या चार मिनिटं आधी काढलेली. ड्राफ्ट्समन खुर्ची पुढं ओढतो, ऑफसेट मारतो आणि पुन्हा ती खिडकी काढायला घेतो.