नुसत्या क्लोरीनवर भागणार नाही

सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी या गावांच्या नळांना शुद्धीकरण केंद्राचे पाणी मिळेपर्यंत पुणे महापालिकेने जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराच्या साथीचा धडा घेतला, असे आम्ही मानणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये या साथीत सिंहगड रस्ता परिसरात धडधाकट माणसांच्या पायांतले बळ एकाएकी गेले. काहींना व्हेंटिलेटर लावावा लागला. या गावांना पुरवल्या जाणाऱ्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन मिसळला की जबाबदारी संपली, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतो आणि जंतू घरापर्यंत पोचतात. पाणी विकणाऱ्या खासगी आरओ केंद्रांना महापालिकेने टाळे ठोकले, तरी तहान थांबत नाही. रहिवासी टँकरकडे वळतात आणि त्या पाण्याची हमी कोणी घेत नाही.

शुद्धीकरण केंद्र कधी सुरू होणार, ती तारीख आयुक्तांनी जाहीर करावी. तोवर नळाच्या पाण्यातला क्लोरीन रोज मोजून आकडे चौकाचौकांत लावावेत.