टायर रुंद, गाडी बुटकी : आकडे काय म्हणतात?

शहरातल्या रस्त्यांवर काही मोटारी अशा दिसतात, की जणू पोट जमिनीला टेकवूनच चालल्या आहेत. स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेतलेली, मूळची चाके काढून रुंद टायर चढवलेले, आणि ते मडगार्डच्या बाहेर डोकावणारे. तुमच्यापैकी कोणाच्या दादाने अशी गाडी केलीही असेल. 'टायर रुंद, तर पकड जास्त' असे तो ठामपणे सांगतो. तुमचे पाठ्यपुस्तक मात्र सांगते, की घर्षण संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते. मग खरे कोणाचे? हा प्रश्न वर्गात विचारणाऱ्याला 'परीक्षेत पुस्तकातले लिही' एवढेच उत्तर मिळू नये, असे मला वाटते. प्रश्न रास्त आहे आणि दोन्ही बाजू अर्ध्याअर्ध्या बरोबर आहेत.

आधी एक हिशेब करू. माणसांसह 1000 किलोची मोटार घ्या. प्रत्येक चाकावर साधारण 250 किलो भार येतो. गॅरेजवाला 'तीस पौंड हवा' भरतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.1 किलो दाब. आता भागाकार करा : 250 भागिले 2.1, म्हणजे जवळजवळ 120 चौरस सेंटिमीटर. टायरच्या कडांचा ताठरपणा आणि नक्षीतल्या खाचा यांमुळे थोडा फरक पडेल, पण एकंदरीत प्रत्येक चाक रस्त्याला टेकते ते एका पोस्टकार्डाएवढेच! आणि या भागाकारात टायरची रुंदी कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. हवेचा दाब तोच ठेवून रुंद टायर बसवला, तर पोस्टकार्ड मोठे होत नाही, ते आडवे होते. रुंदी 12 सेंटिमीटर असताना लांबी 10 असेल, तर रुंदी 16 झाल्यावर लांबी साडेसात उरते.

मग फायदा काहीच नाही का? आहे. घर्षणाचा तो नियम 1699 साली आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. तो लाकूड, लोखंड अशा कठीण पदार्थांना बराचसा लागू पडतो. रबर मात्र मऊ असते. ते खडबडीत रस्त्याच्या बारीक खळग्यांत शिरते आणि भार दुप्पट झाला तरी त्याचे घर्षण दुपटीला पोचत नाही. नियमाची हद्द कुठे संपते, हे शिक्षकांनी नियमाबरोबरच सांगायला हवे.

गाडी खाली घेण्याचे खरे कारण याच गुणधर्मात आहे. वळणावर भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. बाहेरच्या जोडीची पकड जितकी वाढते, त्याहून आतल्या जोडीची अधिक घटते, म्हणून एकूण पकड कमी होते. गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटर उंचीवर, डावी-उजवी चाके 145 सेंटिमीटर अंतरावर आणि वळण असे, की गुरुत्वाच्या निम्मे त्वरण लागावे. तर 190 किलो भार सरकतो. गाडी 5 सेंटिमीटर खाली घेतली, तर 172. फायदा खरा आहे, पण एवढाच आहे.

आणि त्याची किंमत? स्प्रिंगचे सहा वेढे असतील आणि एक कापला, तर हुकच्या नियमाने उरलेली स्प्रिंग 20 टक्के ताठ होते आणि तिला दबायला जागाही कमी उरते. स्प्रिंग कापून गाडी बुटकी करणे हा प्रकार मला सरळसरळ घातक वाटतो. खड्ड्यात चाक वर उडते, कमानीला घासते, आणि घासणाऱ्या रबराला कापायला पत्र्याची एक धार पुरते.

गतिरोधकाचेही गणित गमतीचे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर लांब असतो. पुढच्या-मागच्या चाकांत 2.4 मीटर अंतर असेल, तर चारही चाके त्याच्यावरच असताना मधला उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त 4 सेंटिमीटर वर येतो. (वक्राची त्रिज्या 17 मीटर आहे. हवे तर पायथागोरसला विचारा.) बुटकी गाडीही त्यावरून सुखरूप जाईल. पण गल्लीत हौसेने घातलेला अरुंद उंचवटा तेवढ्याच उंचीचा असला, तरी पुरे 10 सेंटिमीटर मागतो आणि पाच माणसे बसलेली बुटकी गाडी तिथे तळ खरवडून घेते.

टायरच्या अंगावरचा आकडा मात्र वाचायला शिका. 165/80 आर 14 म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, बांधणी रेडियल, आणि आतली रिम 14 इंची. एकूण व्यास 620 मिलिमीटर. 195/55 आर 16 चा व्यास 621 येतो. हा बदल निदान समजून केलेला आहे. पण कोणी 205/65 आर 15 चढवला, तर व्यास 647 होतो. काटा ताशी 60 किलोमीटर दाखवतो, तेव्हा गाडी जवळजवळ 63 ने धावत असते. शिवाय रुंद टायरखालचे पाणी बाजूला सरायला जास्त वाट लागते, म्हणून जुलैच्या पावसात तो लवकर तरंगतो. दादाला हे आधी सांगा.

शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद का, असे तुम्ही विचाराल. त्यांचे रबर फार मऊ असते. झीज आणि उष्णता मोठ्या पृष्ठभागावर वाटली गेली नाही, तर ते टिकणारच नाही. आपल्या टायरांनी मात्र हजारो किलोमीटर चालायचे असते. उलट 2013 साली बीएमडब्ल्यूने आय-थ्री ही विजेवरची मोटार आणली, तिच्या पुढच्या टायरांची रुंदी अवघी 155 मिलिमीटर आणि रिम 19 इंची होती, हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले.

पोस्टकार्डाची गोष्ट खोटी वाटत असेल, तर सायकलच्या टायरला शाई लावा, खाली आलेख कागद ठेवा आणि मित्राला क्षणभर सीटवर बसवा. चौकोन मोजा. थोडी हवा सोडून पुन्हा मोजा.