‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे

लग्न ठरवताना मुलाचा आजार मुलीकडच्यांपासून लपवायचा, आणि वर म्हणायचं, ‘आपला अनेकांत आहे, ज्याचं त्याचं सत्य’! मला हे मुळीच पटत नाही. ‘स्यात्’ म्हणजे ‘अमुक अपेक्षेने’. ती अपेक्षा सांगता यायला हवी. आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसेत सोन्याचा घट मोडून मुकुट केल्याचा दृष्टांत आहे. घट हवा होता तो रडला, मुकुट हवा होता तो हसला, नुसतं सोनं हवं होतं तो शांत राहिला. तिघांनाही आपापलं कारण होतं. पण घट मोडलाच नाही, असं त्यांतला कुणी म्हणाला का? मुलाच्या रोजच्या गोळ्या कोणत्या नयाने नाहीशा होतात, ते त्या मुलीला समोर बसवून सांगा.