पात्र, अपात्र आणि पुराचा नकाशा

अमिताव घोष यांचे 'द ग्रेट डिरेंजमेंट' २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आपल्या चर्चासत्रांना एक सोयीस्कर प्रश्न मिळाला : गंभीर कादंबरीत पूर, वादळ, दरड ही का येत नाहीत? घोष यांनी त्या पुस्तकात २६ जुलै २००५ च्या मुंबईचाही विचार केला असल्याने हा प्रश्न आपल्याला घरचाच वाटतो. प्रश्न चुकीचा नाही. पण तो आपण आपल्यापुरता लहान करून घेतला आहे. पुराविषयीचे या काळातील सर्वांत प्रभावी लेखन कादंबरीत होतच नाही. ते होते जोखमीच्या नकाशांत आणि संगणकीय प्रतिमानांत, म्हणजे ज्यांना सारे 'मॉडेल' म्हणतात त्यांत. कोणता नाला रुंद व्हावा, कोणत्या टेकडीला संरक्षक भिंत मिळावी, कोणती वस्ती उठावी, हे ठरवताना या संहितेचा आधार घेतला जातो. तिला निवेदक आहे, गृहीत वाचक आहे आणि गाळलेल्या जागाही आहेत. ज्यांच्याविषयी ती लिहिली जाते त्यांना मात्र तिच्यात वाचक म्हणून स्थान नाही. भाषेचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी याविषयी 'हा आपला विषय नव्हे' असे म्हणून मोकळे व्हावे, हे मला मान्य नाही.

आधी ही संहिता रचली कशी जाते ते पाहू. पुराच्या प्रतिमानात पडलेला आणि पडू शकणारा पाऊस घातला जातो, जमिनीची उंचसखलता घातली जाते, नाल्यांची आणि गटारांची वहनक्षमता घातली जाते, आणि मुंबईसारख्या शहरात समुद्राची भरती घातली जाते. दरडीच्या प्रतिमानात उतार किती, माती आणि खडक कोणते, झाडी आहे की तोड झाली आहे, आणि किती पाऊस झाला की तो उतार सुटू लागतो, यांचा हिशेब असतो. यातून निघालेल्या धोक्याला, तिथे कोण आणि काय आहे आणि ते किती दुर्बल आहे, यांची जोड दिली की 'जोखीम' तयार होते. यात काहीही गूढ नाही. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी माणूस निवड करतो : कुठला पाऊस धरायचा, कुठला गाळ नाही असे समजायचे, कोणाचे नुकसान मोजायचे. साहित्याच्या विद्यार्थ्याला निवेदकाची निवड ओळखता येते. इथेही ती ओळखता यायला हवी.

या प्रतिमानांची गरज नाही, असे मी म्हणत नाही. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच दिवस आणि दोन वेगळे पावसाळे. जागोजागी पर्जन्यमापक नसतील आणि त्यांच्या नोंदींचा अर्थ लावणारी गणिते नसतील, तर अशा शहराला स्वतःवर काय कोसळते आहे हेही कळणार नाही. जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने आणि महानगरपालिकेने 'आयफ्लोज-मुंबई' ही पूरइशाऱ्याची व्यवस्था सुरू केली, ती याच गरजेतून. तिच्या सात विभागांपैकी एक दुर्बलतेचा, एक जोखमीचा आणि एक प्रसारणाचा आहे. मार्च २०२२ मध्ये शहराचा वातावरण कृती आराखडाही आला. प्रयत्न होत आहेत. आक्षेप आहे तो या प्रयत्नांच्या भाषेला, आणि त्या भाषेने ज्यांना वगळले त्या वगळण्याला.

पहिला शब्द घ्या : 'अभूतपूर्व'. २००५ नंतर प्रत्येक मोठ्या पावसाला हे विशेषण लावले जाते आणि ते लावले की उत्तरदायित्व संपते. परंतु मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तेही ओहोटी असताना, बांधलेल्या आहेत, हे २००५ मध्ये कोणालाही नव्याने कळले नव्हते. ती क्षमता दुप्पट करण्याचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ मध्येच तयार होता. म्हणजे महापुराच्या बारा वर्षे आधी संहिता लिहून झाली होती. तिची अंमलबजावणी तेवढी राहिली होती. मिठी नदीचीही तीच गत. विहार आणि पवईच्या सांडव्यांपासून माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी ही नदी विमानतळाच्या धावपट्टीसाठी वळवली गेली, तिच्या मुखाजवळच्या दलदलीवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, आणि लोकांच्या बोलण्यात ती 'नाला' झाली. नाला म्हटले की त्यात काहीही टाकण्याची मुभा मिळते. तिला पुन्हा 'नदी' म्हणायला शहराला एवढी माणसे गमवावी लागली. शब्द निरुपद्रवी असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका शब्दाचा प्रवास पाहावा.

दुसरा शब्दप्रयोग 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर'. मराठीत हे वाक्य आश्वासनासारखे ऐकू येते : यंदा आला, आता नातवंडांच्या काळात येईल. गणितातला त्याचा अर्थ वेगळा आहे. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का आहे, गेल्या वर्षी आला असला तरीही. तीस वर्षे एका घरात राहणाऱ्या कुटुंबाला तो किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारांत एक ठरते. तेही भूतकाळातला पाऊस भविष्याचा साक्षीदार मानला तर. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. ज्या शतकाच्या आकड्यांवरून 'शंभर वर्षांतून एकदा' काढायचे, त्या शतकाचा स्वभावच बदलत असेल तर हे शब्द दिशाभूल करतात. ते तसेच्या तसे मराठीत आणून ठेवणाऱ्याने भाषांतर केले असे कसे म्हणावे?

तिसरी गोष्ट प्रमाणाची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशातील दरडप्रवण प्रदेशांचे जे नकाशे केले, ते १ : ५०,००० या प्रमाणावर. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. जिल्ह्याचे नियोजन करणाऱ्याला असा नकाशा उपयोगी आहेच. पण डोंगरावरच्या चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरांत संपते. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुंबईपासून फार लांब नसलेल्या खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्या वेळी विधिमंडळात सांगण्यात आले. ते खरेच होते, आणि भयंकर आहे ते नेमके हेच. यादीत नसणे हा धोका नसल्याचा पुरावा मानला गेला होता. बरोबर एक वर्षाने, १९ जुलै २०२४ रोजी, कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचे उद्घाटन झाले. त्याचे स्वागत करतानाच विचारायला हवे : ज्या नकाशाला वाडी दिसत नाही, त्याने 'इथे आम्हांला दिसत नाही' एवढे तरी त्यावरच का लिहू नये? अज्ञाताची कबुली देणारा नकाशा कोऱ्या जागेपेक्षा अधिक प्रामाणिक असतो.

शहरात मात्र दिसत नाही असे म्हणण्याची सोय नाही. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरमध्ये, २६ जुलै २००५ रोजी साकीनाक्याला, १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारतनगरमध्ये आणि विक्रोळीच्या सूर्यनगरमध्ये माणसे मातीखाली आणि भिंतींखाली गेली. टेकड्या माहीत आहेत, उतार माहीत आहेत. दर पावसाळ्याच्या तोंडावर टेकड्यांवरच्या रहिवाशांना सुरक्षित ठिकाणी जाण्याचे आवाहन केले जाते आणि न गेल्यास होणाऱ्या हानीला प्रशासन जबाबदार राहणार नाही, असेही त्यात बजावले जाते. कुठे जायचे ते मात्र सांगितले जात नाही. इशारा हे वाचणाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेले लेखन आहे. जे लिहिणाऱ्याची सुटका करते, ते हात झटकण्याचे पत्र.

इथे मराठीतला एक शब्द आपल्याला अधिक खोल नेतो. 'पात्र' म्हणजे नदीची वाहण्याची जागा, आणि 'पात्र' म्हणजे पुनर्वसनाचा हक्क असलेला झोपडीधारक. मोफत घरासाठी पात्र कोण, तर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा ज्याच्याजवळ आहे तो. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यांसाठी सशुल्क घराची तरतूद झाली. त्याही पुढचे अपात्र. नदीच्या पात्रात राहणारा माणूस असा कागदावर अपात्र ठरतो. पुराचा लोंढा किंवा दरड पुराव्याची तारीख तपासत नाही. ती तपासते ती यंत्रणा, आणि जोखमीचा नकाशा तिच्या हाती पडला की त्याचे रूपांतर 'अतिक्रमणां'च्या यादीत व्हायला वेळ लागत नाही. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या हटवून माणसांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवण्यात आले. तिथले प्रदूषण पाहून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी भाडे देण्याचा आदेश दिला. हा अनुभव ज्या शहराच्या स्मरणात आहे, तिथे धोक्याचा नकाशा घेऊन आलेल्या अधिकाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, याला अडाणीपणा म्हणता येईल काय?

नुकसान जिथे मालमत्तेच्या किमतीने मोजले जाते, तिथे अन्याय गणितातच शिरतो. गाळ्यातल्या मालाचे मोल मोठे आणि पत्र्याच्या खोलीतल्या पेटीचे लहान. त्यामुळे त्याच पैशांत अधिक 'नुकसान टाळायचे' असेल, तर भिंत आणि पंप श्रीमंत वस्तीकडे जातील. पेटीत शिधापत्रिका होती आणि ती भिजल्यावर त्या कुटुंबाची 'पात्रता'ही वाहून गेली, हे त्या कोष्टकात कुठल्या रकान्यात लिहायचे?

कोणी म्हणेल, हे सारे खरे, पण अनिश्चिततेचे हे गणित सामान्य माणसाला झेपणारे नाही. नकाशे उघड केले तर घबराट पसरेल. हा युक्तिवाद मला तर उद्धट वाटतो. मृगाचा पाऊस भरवशाचा की दगा देणारा, यावर पेरणीचा निर्णय घेणाऱ्या समाजाला शक्यता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. कोळीवाड्यात उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला भेद पोरासोरांना ठाऊक असतो. पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की शहर का तुंबते, हे त्यांना त्यांच्या शब्दांत सांगता येईल. २६ जुलैला साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. ओढा, ओहोळ, वहाळ, खाजण, घळ, कपार अशी पाण्याची आणि उताराची नेमकी शब्दसंपत्ती आपल्याकडे आहे. मुंबईच्या नावांतसुद्धा पाणी मुरलेले आहे : उमरखाडी, पायधुणी, धोबीतलाव. भाषा अपुरी आहे ही सबब चालणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आपण साजरा केला. ज्या भाषेत स्वतःच्या घराचा धोका वाचता येत नाही, तिचे अभिजातपण कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या रहिवाशाने कशाशी खावे? मिठी चढली की त्यालाच घर सोडावे लागते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक प्रभागाचा पुराचा आणि दरडीचा नकाशा मराठीत, आणि त्या वस्तीत बोलल्या जाणाऱ्या इतर भाषांत, गल्लीच्या नावांसह चौकात लागला पाहिजे. किती पाऊस, किती भरती आणि नाला किती स्वच्छ असे धरले आहे, हे त्याच्याखाली लिहिलेले असले पाहिजे. पाणी कुठल्या वर्षी कुठल्या पायरीपर्यंत आले, ही रहिवाशांची नोंद त्या प्रतिमानात गेली पाहिजे. आणि धोका कोणाला आहे हे सांगणारा कागद, घर कोणाला मिळणार हे ठरवणाऱ्या कागदापासून कायद्याने वेगळा राहिला पाहिजे. अपात्राला धोक्यातून हलवण्याची जबाबदारी पात्राइतकीच मानली पाहिजे.

यातले पहिले आणि तिसरे काम करण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. ऐकून घेणारा, नेमके लिहिणारा आणि शब्द पारखणारा विद्यार्थी लागतो. असे विद्यार्थी मराठीच्या विभागांत आहेत, त्यांतले कित्येक याच वस्त्यांतून येतात. लोकसाहित्याच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी आपण त्यांना ओव्या गोळा करायला पाठवतो. पुढच्या जूनपूर्वी त्यांना भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा नोंदवायलाही पाठवावे. चर्चासत्र त्यानंतर घेता येईल.