रजेची चिठ्ठी खिशात घालण्याआधी

तापात दवाखान्यातून मिळालेली चिठ्ठी बरेच जण न वाचताच खिशात घालतात. मग ऑफिस ती परत करतं आणि पगार कापला जातो! तिथेच वाचून बघा. पूर्ण नाव, तपासल्याची तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवाच. नुसतं ‘विश्रांती घ्यावी’ पुरत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहून घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या नियमावलीतल्या नमुन्यात रुग्णाची सही किंवा अंगठाही असतो. मागची तारीख मात्र मागू नका, खोट्या दाखल्यासाठी डॉक्टरांवर कारवाई होऊ शकते. ईएसआय कापलं जात असेल, तर दाखला ईएसआय दवाखान्यातूनच घ्या. कामावर परतताना फिटनेस सर्टिफिकेट लागेल का, तेही आधीच विचारा.