परतफेड कसली?

आमच्या श्रीवर्धन तालुक्यात मुलीच्या लग्नाला पैसे कमी पडले म्हणून लग्न अडलेलं मी पाहिलेलं नाही. नात्यातून, गावकीतून, गटातून उभे राहतात. मुलगा आखातात जायचा असला तर आईचे दागिने गहाण पडतात, त्याला कुणी वेडेपणा म्हणत नाही. या वर्षी मात्र बचत गटाच्या बैठकीत एक वेगळाच अर्ज आला आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो.

अर्ज करणारी कोळीवाड्यातली, समाजकार्य शिकणारी मुलगी. केनियाच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायकांबरोबर चार महिने काम करायला तिची निवड झाली आहे. पगार नाही. उलट विमानभाडं, विमा, प्रवेश परवाना, राहणं-जेवण सगळं तिनेच भरायचं, पावणेदोन लाख. "म्हणजे फुकट राबायचं आणि वर पैसेही आपलेच?" एक आजी म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले.

खरं सांगायचं तर मी विरोधातच होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं. वाड्यांमधल्या पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. वाडीमालकांचे पंचनामे झाले. पण त्या वाड्यांची सुपारी सोलून घर चालवणाऱ्या बायकांची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा कोण करणार? या मुलीची आई त्यांतलीच. इथे एवढं पडलेलं असताना केनिया कशाला, असं मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "ताई, वादळानंतर आपल्याकडे कौलं चढवायला बाहेरची मुलं आली होती. त्यांच्या गावात काय काम नव्हतं?" मला उत्तर सुचलं नाही.

तिने सहा महिने काय काय केलं! सुकट आणि बोंबलाची पाकिटं करून मुंबईला नेली. सुट्टीत पर्यटकांना घावणे करून घातले. बँकेत गेली, तर पदवी नाही म्हणून शैक्षणिक कर्ज नाही. कागदपत्रांसाठी खात्यात शिल्लक दाखवायची, आणि शिल्लक नाही म्हणून तर ही वणवण! एका प्रतिष्ठित गृहस्थांनी दहा हजार देऊ केले, पण फ्लेक्सवर त्यांचा फोटो मोठा हवा. तिने नको म्हटलं. घरून बोलणी खाल्ली.

सेवेला जाणाऱ्याकडून पैसे मागणाऱ्या संस्थांवर माझा राग आहे, तो आजही आहे. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना १९७० सालची. तिथे स्वयंसेवकांना निर्वाहभत्ता मिळतो. म्हणजे हे अशक्य नाही. भत्ता नसला की सेवा पैसेवाल्यांच्या पोरांचा छंद होतो, आणि मासळी सुकवणाऱ्या बाईकडे अशी मुलगी पोचते जिने उभ्या जन्मात बोंबील वलांडीवर टाकलेला नाही.

पण म्हणून हिने जाऊ नये? आनंदीबाई जोशी गोपाळरावांच्या पोस्टातल्या नोकरीमुळे काही काळ आमच्या अलिबागेत राहिल्या होत्या. १८८३ मध्ये अमेरिकेला जाण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्या भर सभेत बोलल्या, तेव्हा कुठे मदत येऊ लागली. त्याच वर्षी पंडिता रमाबाई 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीच्या पैशांवर इंग्लंडला गेल्या, आणि तिथे जोगिणींच्या मठात राहताना त्यांना मराठी शिकवत होत्या, म्हणजे अन्न फुकटचं नको. दोघींनाही आधी टोमणे मिळाले, पैसे नंतर.

आमच्या गटात खरी अडचण परतफेडीची निघाली. आखातातला मुलगा पैसे पाठवतो. ही काय पाठवणार? प्रश्न रास्त आहे, गटातला पैसा बायकांच्या मजुरीचा आहे. पण लग्नासाठी दिलेलं कर्जही बायकाच मजुरी करून फेडतात, त्यातून कोणतं उत्पन्न येतं? हे मी विचारलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या हसणाऱ्या आजीच म्हणाल्या, "द्या पोरीला. परत येऊन तिथल्या बायका मासळीला काय भाव घेतात ते सांगेल."

चाळीस हजार मंजूर झाले, दोन जणींच्या विरोधासह. वहीत 'कारण' या रकान्यात काय लिहावं यावर वाद झाला. लग्न, आजारपण, होडीदुरुस्ती असे शब्द तिथे आहेत. शेवटी चिटणीस बाईंनी नुसतं 'काम' लिहिलं. अजून साठ हजार कमी आहेत.