विश्लेषण : रिझ्युमेतला 'अनुभव : निरंक' खरा असतो का?

गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावात नोकरीच्या अर्जाची तयारी बहुधा झेरॉक्सच्या दुकानात होते. संगणकावर कुणाचा तरी जुना बायोडाटा उघडायचा, नाव आणि टक्केवारी बदलायची, पाच प्रती काढायच्या. त्यात वडिलांचे नाव, जात, धर्म, 'छंद : क्रिकेट खेळणे, गाणी ऐकणे' हे सगळे असते. अनुभवापुढे मात्र एकच शब्द : निरंक.

हा 'निरंक' अनेकदा खरा नसतो. तोच तरुण धानाच्या हंगामात राइस मिलमध्ये पोत्यांची नोंद ठेवतो, मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळतो. तीच तरुणी शिकवणी घेते, आईच्या बचत गटाचे हिशेब लिहिते. कागदावर यातले काहीच येत नाही. नोकरी देणाऱ्याला जे पाहायचे असते, तेच आपण गाळतो.

ही सवय आली कुठून?

आपल्याकडे तयारी म्हणजे सरकारी भरती. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट 'क', गट 'ड' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. राज्यात तलाठी किंवा पोलिस शिपाई भरतीतही मुलाखत नसते. वशिल्याला आळा घालण्यासाठी ते योग्यच आहे. पण त्यामुळे पाच-सहा वर्षे अभ्यास केलेल्या उमेदवारालाही स्वतःबद्दल दोन मिनिटे बोलण्याची वेळ येत नाही. भरतीच्या अर्जात शिक्षण, प्रवर्ग, रहिवासी दाखला विचारतात. तोच साचा डोक्यात बसतो.

सरकारी जागा मोजक्या असतात. बाकीच्यांना शहरातली रुग्णालये, फायनान्स कंपन्या, राइस मिल, तिरोड्याचा वीज प्रकल्प किंवा महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून थेट पुणे गाठावे लागते. तिथे पहिला प्रश्न असतो : तुम्हाला काय येते?

रिझ्युमेत काय लिहावे?

एक पान पुरे. वर नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि साधा ई-मेल. त्याखाली दोन ओळींत कोणते काम हवे आणि त्यासाठी काय येते ते. मग अनुभव, त्यानंतर शिक्षण.

अनुभव लिहिताना तीन गोष्टी सांगा : कुठे, किती काळ, नेमके काय केले. 'मिलमध्ये काम केले' यातून काही कळत नाही. 'दोन हंगाम राइस मिलमध्ये धानाची आवक-जावक नोंदवली, वजनकाट्याच्या पावत्या तपासल्या' यातून तुम्ही आकडे सांभाळू शकता, हे कळते. पगार नसलेले घरच्या दुकानाचे कामही लिहा, मात्र ते घरचेच आहे असे स्पष्ट लिहा. पदनाम फुगवू नका. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ते उघडे पडते.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 नंतर अनेकांनी सरकारी कार्यालयांत आणि खासगी आस्थापनांत प्रशिक्षण घेतले. तेही अनुभवातच येते. कार्यालय, कालावधी आणि हाताळलेली कामे लिहा. प्रमाणपत्र जपून ठेवा.

एमएस-सीआयटी बहुतेकांकडे असते. त्यापुढे एक ओळ जोडा : एक्सेलमध्ये काय करता येते, मराठी टायपिंगचा वेग किती.

भाषांचा रकाना तर आपले बलस्थान आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरच्या या जिल्ह्यात मराठी आणि हिंदी सर्रास बोलली जाते. अनेक घरांत पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढीही असते. गावोगाव फिरणाऱ्या वसुली किंवा विक्री प्रतिनिधीसाठी, रुग्णालयाच्या चौकशी खिडकीसाठी हे कौशल्यच आहे. ते लिहायला लाजू नका.

जात, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती हे सगळे लग्नाच्या बायोडाट्यात शोभते, इथे नको. आधार क्रमांकही लिहू नका. फाइल पीडीएफमध्ये ठेवा आणि तिला स्वतःचे नाव द्या.

मुलाखतीत काय बोलावे?

'स्वतःविषयी सांगा' हा बहुधा पहिला प्रश्न. उत्तरात वडील काय करतात, भावंडे किती, हे सांगण्याची गरज नाही. काय शिकलात, कोणते काम केले आणि ही नोकरी का हवी, एवढे एका मिनिटात सांगा. मोबाइलवर स्वतःचे बोलणे रेकॉर्ड करून ऐका. तीन-चार वेळा ऐकले की चुका आपोआप कळतात.

इंग्रजी अडखळते म्हणून अनेक जण गप्प बसतात. 'मी हिंदीत किंवा मराठीत उत्तर देऊ का?' असे विचारण्यात कमीपणा नाही. एखादी गोष्ट येत नसेल तर 'हे मला येत नाही, शिकून घेईन' म्हणा. थाप मारण्यापेक्षा ते बरे.

भरतीच्या तयारीत गेलेली वर्षेही लपवू नका. 'तीन वर्षे पोलिस भरतीची तयारी केली, निवड झाली नाही. आता या क्षेत्रात यायचे ठरवले आहे,' हे सरळ सांगा. रोज पहाटे उठून धावणारा उमेदवार शिस्तीचा असतो, हे समोरच्यालाही कळते. आणि मुलाखत संपताना तुम्हीही विचारा : कामाची वेळ काय, पगार हातात किती, नेमणूक थेट की कंत्राटदारामार्फत?

पैसे मागितले तर?

नोंदणी, गणवेश, प्रशिक्षण अशा कोणत्याही नावाखाली नोकरीआधी पैसे मागितले, तर तिथून उठा. रेल्वेत लावून देतो म्हणणाऱ्या दलालालाही हेच लागू. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जागा शोधण्यासाठी राज्याचे 'महास्वयम्' आणि केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस ही संकेतस्थळे आहेत, तिथे उमेदवाराला नोंदणी शुल्क पडत नाही.

जबाबदारी एकट्या उमेदवाराची नाही. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची एक तरी सराव मुलाखत घ्यावी. गावातल्या नोकरदारांनी आणि निवृत्त शिक्षकांनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली, तर हेच काम वाचनालयातही होईल. त्यासाठी दोन खुर्च्या आणि एक टेबल पुरते.

बाकी सुरुवात आजच होऊ शकते. मोबाइलमधला तो जुना बायोडाटा उघडा, 'निरंक' खोडा आणि गेल्या तीन वर्षांत हातून झालेली कामे एकेक करून लिहा. यादी वाटली होती त्यापेक्षा मोठी निघेल.